दसूकीची मान

"यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही," खलफने हुक्क्याची नळी शेजाऱ्याकडे सरकवली, "पण काल दवाखान्यातल्या यंत्राने आपल्या दसूकीला मेलेला ठरवलं."

कहवाखाना हसला. समोर बसलेला दसूकी तेवढा हसला नाही. अलेक्झांड्रियाच्या मासळीबाजारात उभा जन्म लिलाव पुकारलेला माणूस. कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून मानेतल्या भोकातून श्वास घ्यायचा, वर रुमाल बांधायचा आणि गप्प बसायचा. गळ्याला टेकवून बोलायचं विजेचं यंत्र मुलीने आणून दिलं होतं. ते खिशातून बाहेर यायचं नाव घेत नव्हतं. लिलाववाल्याने बाटलीत कोंडलेल्या माशीसारखं गुणगुणायचं? बायको विनवून थकली, खलफ भांडून थकला.

"हर्नियाचं ऑपरेशन, म्हणून आधी फुप्फुसं मोजायची," खलफ सांगत होता. "तपासणारा पोरगा नवा. याच्या नाकाला चिमटा, तोंडात नळी. म्हणे, फुंका. यंत्रावर शून्य. जोर लावा, हाजी. शून्य. हा आपला मानेला बोट लावतोय. आता आपल्यात मानेला हात लावला म्हणजे काय? 'तुझ्यासाठी मान हजर.' पोरगा विरघळला. म्हणतो, 'तुमची मान सलामत राहो, हाजी, पण फुंका तोंडानेच.' हा पुन्हा मान दाखवतो, तो पुन्हा दुवा देतो. बोलायचं यंत्र खिशात आहे, पण काढेल तर शपथ."

"मग?" चहावाल्याने विचारलं.

"मग काय, दारातून बघत होतो तो मीच आत घुसलो आणि रुमाल ओढला. पोरगा पांढराफटक. धावत जाऊन तान्ह्या बाळांचा रबरी मास्क आणला, मानेच्या भोकावर दाबला, त्याला नळी जोडली. दसूकीने असं फुंकलं, की भिंतीवरचं कॅलेंडर उडून बंदरात पडलं आणि दोन नावा दावं तोडून सायप्रसला लागल्या."

दसूकीने कपाळावर हात मारला.

"फुप्फुसं घोड्याची निघाली. ऑपरेशन पक्कं. आणि ते ऐकून हा आपला वाघ," खलफने आवाज उतरवला, "त्या पोराच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला."

कुणी हसलं नाही. दसूकी ताडकन उठला. त्याचा हात खिशात गेला. रुमालाच्या वर, हनुवटीखाली यंत्र टेकलं आणि घरघरलं.

"खोटं," बाटलीतली माशी म्हणाली. "रडलास तू."