बेचाळीस किलोमीटर

मेस्त्रीने डॅशबोर्डवरची काळी चिकटपट्टी नखाने सोलून काढली. खाली पिवळा दिवा पेटलेला होता.

"ही कोणी लावली?"

"मीच," टर्बोराव म्हणाले. "सेन्सरचे नखरे असतात हो. उगीच डोळ्यांत खुपत होता."

त्यांची बायको गॅरेजच्या दाराशी, आडव्या टाकलेल्या टायरवर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत स्वेटर. ताईसाठी विणलेला. ताई उद्या सकाळच्या विमानाने लेकाकडे, बर्फाच्या देशात निघाली होती, आणि या वयात गेलेलं माणूस परत येत नाही, हे दोघी बहिणींना ठाऊक होतं. भेटायला आजचाच दिवस होता. चार वर्षांत पहिल्यांदा टर्बोराव 'बरं, चल' म्हणाले, आणि गाडीने दुसऱ्याच किलोमीटरला मान टाकली. अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, रांगण्यापलीकडे जाईना. शाळेच्या पोरी सायकलवरून पुढे निघून गेल्या, वर वळून बघत गेल्या.

टर्बोराव हे नाव गल्लीने ठेवलेलं. गाडी दारात आली त्या दिवसापासून भेटेल त्याला ते आकडे ऐकवायचे. कुणी साधी वेळ विचारली तरी सुटका नसे. मेस्त्रीचीही नव्हती.

"दोन लिटरचं इंजिन आहे. दीडशे अश्वशक्ती. साडेतीनशे न्यूटन मीटर टॉर्क. ही गाडी बंद पडेलच कशी?"

"बंद पडलेली नाही. आणखी वाटोळं होऊ नये म्हणून तिने आपली ताकद आपणच कमी केलीय. शहाणी आहे." मेस्त्री बॉनेटखाली वाकला. "रोज कुठवर जाते?"

"रोज काढतो. बँक, भाजीबाजार. दीड-दोन किलोमीटर. आल्याबरोबर पुसून झाकून ठेवतो."

मेस्त्रीने तेल मोजायची पट्टी ओढली.

"बघा, बघा," टर्बोराव पुढे सरसावले. "चार वर्षांत थेंबभर तेल खाल्लं नाही. उलट वाढलंय!"

याच एका गोष्टीसाठी त्यांनी व्याह्यांना चहा अर्धा टाकायला लावून खाली नेलं होतं. बिचारे व्याही पट्टीकडे बघून 'वा' म्हणाले होते.

मेस्त्रीने बोटांत तेल चोळलं, वास घेतला आणि हसायला लागला.

"साहेब, तेल काय दूध आहे, वर यायला? यात डिझेल उतरलंय. धुराच्या वाटेवर एक फिल्टर असतो. काजळी त्यात साठते. ती जाळायची तर गाडी अर्धा तास तरी सलग पळायला हवी. गाडी बिचारी जाळायला घेते, जास्तीचं डिझेल सोडते, आणि तेवढ्यात तुमचा भाजीबाजार येतो. चावी बंद! काजळी तिथंच, डिझेल तेलात. असल्या पातळ तेलावर टर्बो किती दिवस फिरेल?" त्याने हात पुसले. "घरात पहिलवान आणलात आणि त्याला लसूण सोलायला बसवलंत."

तिला हसू आलं. ते तिने पिशवीत तोंड घालून दाबलं.

तिला जुना खटारा आठवला. त्याला टर्बो नव्हता, आकडे नव्हते, डावा दरवाजा सुतळीने बांधलेला. काळा धूर ओकत तो दर रविवारी बेचाळीस किलोमीटर जायचा, ताईच्या दारात उभा राहायचा आणि संध्याकाळी परत यायचा. चढावर सगळ्यांनी उतरून ढकलायचं. ढकलताना सगळ्यात मोठ्याने हसायचा तो तिचा बाह्या सरसावलेला, हात काळे झालेला तरुण नवरा. तो माणूस कुठे गेला, कोण जाणे. खटारा भंगारात गेला तेव्हा बहुधा त्यातच राहून गेला. नवी गाडी आली आणि रविवार संपले. हायवेवर खडे उडतात म्हणे. काच तडकली म्हणजे? बसने जाते म्हटलं, तर दारात एवढी गाडी असताना बस? लोक काय म्हणतील!

"म्हणजे आज जाता येणार नाही?" तिने विचारलं.

"नाही काकू. फिल्टर उतरवायला लागेल. दोन दिवस धरा."

"पण हे आम्हाला कळायचं कसं?" टर्बोराव उसळले. "कंपनीने लिहून द्यायला नको?"

मेस्त्रीने समोरचा कप्पा उघडला. आतून गाडीचं जाडजूड पुस्तक काढलं. मधल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता.

"लिहिलंय की. 'आठवड्यातून एकदा तरी गाडी मोठ्या रस्त्यावर अर्धा तास सलग चालवावी.' खाली पेन्सिलीने रेघ पण मारलीय."

टर्बोरावांनी वळून बायकोकडे पाहिलं.

"तू वाचलंस हे? कधी?"

"गाडी आली त्याच महिन्यात. तुम्ही बँकेच्या रांगेत असायचात, मी गाडीत बसून असायचे. दुसरं काय करणार?"

ती उठली. पातळ झटकलं, पिशवी खांद्याला लावली.

"बसथांबा कुठे आहे हो?"

"हा काय, समोरच," मेस्त्री म्हणाला.

"अगं, बसने जाणार तू?" टर्बोरावांचा आवाज चिरकला. "आणि चार वर्षांपासून सगळं माहीत होतं, तर मला सांगितलं का नाहीस?"

समोरून बस येत होती. पिशवी सावरत ती दाराशी वळली.

"सांगत होते की. दर रविवारी. 'ताईकडे जाऊन येऊ या' म्हणायचे."