हातागुडघ्यांवर

बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदे अडकले. डॉक्टर तालुक्याला गेले होते. नर्सिंगची पदव्युत्तर पदवी घेऊन हेमलता वळवी या आरोग्य केंद्रात आली, त्याला आठवडाच झाला होता.

"डॉक्टरांना बोलवा!" अडलेल्या बाईची सासू ओरडली.

"तेवढा वेळ नाही, आजी. धरा सुनेला, हातागुडघ्यांवर ओणवी करू."

"असं कुठं बाळंतपण असतं का?" म्हणत सासूने सुनेला वळवलं.

हेमलताने आत हात घालून खांदा अलगद सोडवला. बाळ सर्रकन बाहेर आलं, पण निळसर आणि गप्प. ती त्याची पाठ चोळत राहिली. मग ते असं किंचाळलं, की बाहेर बसलेला बाप ताडकन उठला.

निरोप मिळताच निघालेले डॉक्टर तासाभराने धापा टाकत पोचले.

"बसा निवांत," सासू म्हणाली. "आमच्या डॉक्टरीणबाईंनी सुटका केली."

"डॉक्टरीण नाही, आजी, नर्सच!" हेमलताला हसू आवरेना.