ताणा ओलांडायचा नाही

कोष्टेवाडीचं नाव इतिहासाला पुसता येणार नाही, असं सरपंच हिंदुराव दर पंधरा ऑगस्टला सांगत. पेशव्यांच्या दरबारात म्हणे इथली पागोटी जात. पुराव्याला गावात चिंधीसुद्धा उरली नव्हती. उरली होती ती रुंद गल्ली. मागावर चढवायच्या उभ्या सुताचा ताणा पसरता यावा म्हणून पूर्वजांनी ती रुंद ठेवली, आणि रुंद आहे म्हणून चौऱ्याहत्तर साली गावातल्या कामगारांना नेणारी कंपनीची बस तिच्यातून जाऊ लागली.

त्या सकाळी बस आली तेव्हा गल्लीत ताणा होता. लुगड्याचं सूत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेलं, आणि त्याच्या ओल्या खळीवर एका बाजूने चांदभाई, दुसऱ्या बाजूने त्यांची बायको नूरबी कुंचा फिरवत होती. गावातला शेवटचा माग त्यांचा.

"ओ चाचा, दोरे काढा की! सातला गेट बंद होतंय," ड्रायव्हर ज्योतीराम खिडकीतून ओरडला. तो लातूरकडचा, गावाला नवा.

"दोरे न्हाईत, ताणा हाय," चांदभाई मान वर न करता म्हणाले. "हात थांबला की दोऱ्याला दोरा चिकटतोय. मग लुगडं न्हाई, चटई हुईल."

"मग काय वरून नेऊ गाडी?"

बसमधली डोकी खिडक्यांबाहेर आली. ताणा ओलांडायचा नाही, हे वाडीत देवाच्या आधी शिकवत. खेडची कुस्ती मारून वाजतगाजत आलेले रंगराव पहिलवान खळ वाळेपर्यंत इथे उभे राहिले होते. एका मामलेदाराने मसणवाटेने वळसा घातला होता. गावच्या थोर माणसांची आठवण लोकांनी अशीच ठेवली होती: कोण किती वेळ थांबला.

"आमच्या बापानं पाय टाकला न्हाई," रंगरावांचा खंडू मागच्या सीटवरून म्हणाला, "आन तू चाक टाकतो व्हय रं?"

तेवढ्यात नूरबीचा हात भरून आला. कुंचा थांबला. चांदभाईंना पलीकडे दिसत होतं, पण आपला हात थांबवून जाता येत नव्हतं.

बसमधून त्यांचा इकबाल उतरला. "अम्मा, सरक. कुंचा दे."

"तू जा. पगार कापतील."

"कापू दे."

पाठोपाठ खंडू उतरला, मग गल्लीतले सगळेच. कंपनीच्या निळ्या कपड्यांतली माणसं ताण्याच्या दोन्ही अंगांना उभी राहिली. घरोघरच्या माळ्यावरून कुंचे आले. कुणाला काही शिकवावं लागलं नाही.

"हळू, हळू," चांदभाई म्हणाले. "लोखंड नव्हं ते." दटावताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

ज्योतीरामने इंजिन बंद केलं आणि नूरबीने दिलेला चहा पायरीवर बसून प्याला.

गेट अर्थातच बंद झालं. सगळ्यांचा अर्धा दिवस गेला. दुसऱ्या दिवसापासून बस चाकण रस्त्यावरच थांबू लागली, आणि गल्ली ताण्याला पुन्हा मोकळी झाली.

चांदभाईंकडे सूत मात्र तेवढ्या एका ताण्यापुरतंच होतं.