तारखेची जागा

“ह्यांना उद्या दवाखान्यातून सोडतायत आणि परवा वाढदिवस आहे,” वहिनी माझ्या फ्लेक्सच्या दुकानात येऊन म्हणाल्या. “गेल्या वर्षीचाच फोटो टाका, फेट्यातला.”

त्या फाइलचं नाव काही मला आठवेना. म्हणून शोधताना नुसता फाइलचा प्रकार टाकला, सीडीआर. आम्ही केलेले सगळे फ्लेक्स छोट्या चित्रांत समोर आले, आजचा सगळ्यात वर.

त्यात फेट्यातला तोच फोटो होता, पण काळा-पांढरा. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली ‘निधन’पुढे तारखेची जागा कोरी. सकाळी दुकानात माझी बायको बसते. फाइलला तिने नाव दिलं होतं, ‘विलासभाऊ, तारीख फोनवर कळवतील’. विलासभाऊ म्हणजे वहिनींचे दीर.

मी ते झाकायच्या आत त्यांनी वाचलं होतं. “भाऊजी सकाळीच डॉक्टरांना भेटून आले,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मला म्हणाले, काळजीचं काही नाही.”

टेबलावरचा दुकानाचा फोन वाजू लागला. विलासभाऊंचंच नाव होतं.

वहिनींनी फोनवर तळहात दाबून धरला. “उचलू नका,” म्हणाल्या.