दर पन्नास किलोमीटरला

“सोड तो दोर!” दुलारीबाई अंगणातून ओरडल्या. “तणसाचं गाडं बांधून राहिला का रे?”

ट्रेलरवर चढलेल्या ड्रायव्हर खुमेंद्रनं होडीच्या कडेला पाय टेकवला होता आणि तो सगळा जोर लावून दोर ओढत होता. चूक त्याची एकट्याची नव्हती. अर्जुनी मोरगावच्या बाजूला ओझं बांधायचं म्हणजे पाय लावून, करकचून, एवढंच सगळ्यांना ठाऊक. धानाचं तणस असंच बांधतात, पोतीही अशीच. पण होडी आतून पोकळ. अशी आवळली असती तर पहिल्याच खड्ड्यात तिच्या फळ्या तडकल्या असत्या.

दुलारीबाईंनी त्याला सगळं पहिल्यापासून करायला लावलं. होडीचा भार तिच्या पोटाखालच्या कण्यावर बसवला. बाजूचे टेकू नुसते तोल धरायला. दोराच्या जागी रुंद पट्टे, पट्ट्यांखाली घडी केलेले बारदाने. शिडाची काठी उतरवली, गोधडीत गुंडाळून वेगळी बांधली आणि मागे निघालेल्या तिच्या टोकाला लाल फडकं लावलं.

हे सगळं त्यांना नवऱ्यानं सांगून ठेवलं होतं. कन्हैयालाल वीस वर्षं नौदलात होते. मग गावी येऊन धान लावत राहिले, आणि साठी उलटल्यावर त्यांनी गोठ्यात ही शिडाची होडी बांधायला घेतली. अकरा वर्षं लागली. गाव पोट धरून हसलं. धानाच्या बांध्यांमध्ये समुद्र कुठून आणणार, म्हणे! होडी पुरी झाली आणि मागच्या दिवाळीत ते गेले. जाताना बायकोला एवढंच म्हणाले, “हिला एकदा समुद्रात उतरव.”

मूलबाळ नव्हतं. कोकणात एका शाळेत मुलांना शिडाची होडी चालवायला शिकवतात, असं कळलं. दुलारीबाईंनी होडी त्या शाळेला देऊन टाकली. आता ती धड पोहोचायला हवी होती. रस्ता अकराशे किलोमीटरचा.

“दर पन्नास किलोमीटरले थांबजो,” त्यांनी खुमेंद्रला बजावलं. “पट्टे ढिले होतेत. हात लावून पाहाजो, आन मले फोन करजो.”

“मावशी, बारा वर्षांपासून गाडी चालवून राहिलो मी.”

“डोंगा नेला का कधी?”

खुमेंद्र गाडीत बसला.

ट्रेलर वळणावर दिसेनासा झाला. दुलारीबाईंनी रिकामा गोठा झाडला आणि फोन मांडीवर घेऊन ओसरीत बसल्या. कन्हैयालालचा तेरावा झाला आणि माणसांची ये-जा थांबली. तेव्हापासून, होडीच्या कामाचं बोलणं सोडलं तर, त्या फोनवर कंपनीच्या बाईच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाखेरीज कुणी बोललं नव्हतं. घर नुसतं खायला उठायचं.

पहिला फोन कोहमाऱ्याहून आला.

“दोन पट्टे ढिले झाले होते, मावशी. आवळले.” खुमेंद्रचा आवाज चांगलाच नरमला होता.

मग फोन येतच राहिले. भंडारा, नागपूर, यवतमाळ. ढाब्यावरचे लोक होडीसोबत फोटो काढून राहिले, असं तो सांगायचा. त्या विचारायच्या, जेवला का? भाजी कायची होती? सोलापूर येईपर्यंत त्यांना त्याचा दुखरा गुडघा माहीत झाला होता, आणि त्याच्या पोरीला वांगं आवडत नाही हेही. फोन वाजला की त्या ओल्या हातानं धावायच्या. एकदा तर चुलीवरचा भात करपला.

“लयच जीव आहे बाई तुमचा त्या डोंग्यात,” शेजारच्या अनुसयाबाई म्हणाल्या.

“हो ना,” दुलारीबाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी दुपारी खुमेंद्र फोनवर जवळजवळ ओरडलाच. “मावशी, घाट उतरलो! समुद्र दिसून राहिला! एक ओरखडा नाही डोंग्याले. शाळेची पोरं वाट पाहून राहिली. दहाच किलोमीटर उरले!”

दुलारीबाई उंबऱ्यावर बसल्या. कन्हैयालालचा शब्द राखला जाणार होता. त्यांना हसू आलं आणि डोळेही भरले. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले.

“पाच किलोमीटर झाले का आणखी एकदा थांब,” त्या म्हणाल्या. “पट्टे पाहाजो, आन फोन करजो.”

“आत्ताच तर पाहिले, मावशी. पाच किलोमीटरमध्ये काय ढिलं होईन?”



“काही नाही होत, बाबू,” त्या म्हणाल्या. “पण डोंगा पोहोचला का, मंग तू मले फोन कायले करशीन?”