टपाच्या आतला पंजा

शुक्रीने गाडीचं तोंड मुद्दाम इस्पितळाच्या भिंतीकडे करून ठेवलं होतं. रखवालदाराने विचारलंच, एवढी देखणी गाडी शिक्षा झालेल्या पोरासारखी का उभी केली? शुक्री म्हणाला, उन्हाने रंग उडतो. ऊन तर भिंतीपाशीही तेवढंच होतं.

आत त्याच्या थोरल्या बहिणीच्या, तफीदाच्या डोळ्यावरची पट्टी निघत होती. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं होतं, आणि खोटं बोलल्याबद्दल वेळोवेळी बडवलंही होतं. आता शुक्रीला टक्कल पडलं तरी तिच्यासमोर थाप मारताना त्याचे कान गरम व्हायचे. आणि या खेपेची थाप साधी नव्हती.

मोतीबिंदूने तफीदाची नजर विझत गेली, त्याच वर्षांत शुक्रीने ही उघड्या टपाची जुनी फियाट गंजलेल्या सांगाड्यापासून उभी केली. दारं एका भंगारवाल्याकडची, दिवे दुसऱ्याकडचे, आणि वरचा साईसारखा रंग मात्र त्याने स्वतः कालवून, घासून, पुन्हा चढवलेला. परवा गाडी पहिल्यांदा गल्लीत उतरली. आमच्या अलेक्झांड्रियात अशा वेळी मेंढरू कापतात आणि त्याच्या रक्तात बुडवलेला पंजा गाडीवर उमटवतात, म्हणजे दृष्ट लागत नाही. तो मान घरातल्या थोरल्याचा. पंजा उमटल्याशिवाय मी तुझ्या गाडीत पाय ठेवणार नाही आणि डोळाही कापून घेणार नाही, असं तफीदाने बजावून ठेवलं होतं.

पण त्या रंगावर रक्त?  शुक्रीने खाटकाची रक्ताची परात हळूच बाजूला सारली, थंडगार कर्कदेच्या, म्हणजे जास्वंदीच्या लाल सरबतात बहिणीचा हात बुडवला आणि बॉनेटवर टेकवला. गल्लीतल्या बायकांनी हसू दाबत सुखाची किलकारी दिली. लगेच खिशातलं फडकं काढून त्याने सगळं स्वच्छ पुसलं. ताईला काही दिसलं नाही. काल ती मुकाट्याने गाडीत बसून इस्पितळात आली. आता मात्र तिला दिसणार होतं, आणि पहिलं खोटं दिसणार होतं ते भावाचं.

ती काळा चष्मा लावून, परिचारिकेचा हात धरून पायऱ्या उतरली. शुक्रीला तिने खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"केस कुठे गेले रे तुझे?"

"हळूहळू गेले, ताई. तुला कुणी सांगितलं नाही."

त्याने घाईघाईने दार उघडून धरलं. पण तफीदा दाराकडे वळलीच नाही. भिंत आणि गाडी यांच्यामधल्या बोळातून अंग चोरत ती पुढे गेली आणि बॉनेटवरून सावकाश हात फिरवू लागली. रंग लखलखत होता. त्यावर डाग म्हणून कुठे नव्हता.  आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"ताई, परवाचं ते रक्त नव्हतं."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"बोट चाटून पाहिलं. साखर कमी होती."

शुक्रीला हसावं की पाय धरावेत ते कळेना. छातीवरचा दगड तर उतरला होता. तेवढ्यात तिने शांतपणे पुढचं वाक्य टाकलं.

"आधी तू बॉनेट पुसलंस. मग माझा हात."

शुक्रीने मान खाली घातली. खरंच होतं ते. बोलायचं नव्हतं तर नव्हतं, पण पंजा नसताना बसलीस कशी गाडीत, एवढं त्याने पुटपुटत विचारलं. तफीदाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितलंय, तू रंगाला जपतोस, आता जरा डोळ्यालाही जप आणि तो टप वर ओढ, असं म्हणून ती आत जाऊन बसली.

टप लावून झाल्यापासून मागेच घडी करून पडला होता. तो उघडायची वेळच आली नव्हती. शुक्रीने दोन्ही हातांनी ओढला, कड्या कुरकुरल्या, कापड ताणलं गेलं आणि गाडीत सावली पसरली. तो आपल्या जागेवर येऊन बसला, खटके अडकवायला त्याने वर पाहिलं आणि त्याचा हात तसाच राहिला.

टपाच्या आतल्या पांढऱ्या अस्तरावर, बरोबर तफीदाच्या डोक्यावर, वाळून तपकिरी झालेला एक पंजा होता. करंगळी अर्धीच उमटलेली. लहानपणी शुक्रीने दार आपटलं तेव्हा चेमटलेली ती करंगळी.

"तू मांस वाटायला गेलास ना, तेव्हा परात गाडीपाशीच होती," तफीदा म्हणाली. "म्हटलं, याच्या रंगाला धक्का नको. घडीत हात घातला आणि लागेल तिथे दाबला."

शुक्रीचा हात सवयीने खिशातल्या फडक्याकडे गेला. ते फडकं त्याने आपल्या डोळ्यांना लावलं. एवढं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तफीदाने चष्मा कपाळावर सारला, मान मागे टाकली आणि आपला पंजा पहिल्यांदाच नीट पाहिला.

"वाकडा लागलाय रे," ती म्हणाली. "तेव्हा दिसत नव्हतं मला."