उजेडात धरलेलं पान

नीतूने आजीच्या हातातला ग्लास ओढून घेतला, ओट्यावर ठेवला आणि पातेल्यातली उकळलेली पानं ताटात उपसली.

मारोतराव दारात उभे राहून लेकीची गंमत पाहत होते. त्यांच्या आईचा, गयाबाईंचा खोकला तीन दिवस थांबत नव्हता, म्हणून सकाळी फिरायला गेल्यावर त्यांनी निलगिरीची पानं आणून काढा केला होता. झाडावरची नव्हेत, सुपेला वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत छाटणीचा ढीग पडला होता, त्यातली. त्याच ढिगात नीतूने काल कण्हेरीची गुलाबी फुलं पाहिली होती.

“तीस वर्षं त्या झाडायखालून ड्युटीले गेलो,” मारोतराव म्हणाले. “मले निलगिरी समजत नाही? घरभर वास येऊन राहिला ना.”

वास खरा होता. पानांबरोबर आलेली डहाळीही खरी होती. कळ्यांवर शिंगासारखी लांब, निमुळती टोपी. युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस, निलगिरीचीच जात. कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या तासाला असती तर नीतूने तेवढ्यावर नाव लिहून वही मिटली असती. पण डहाळीवरून फक्त डहाळीचं कळत होतं.

तिने पहिलं पान खिडकीच्या उजेडात धरलं. सुईने टोचल्यासारखे बारीक, आरपार ठिपके. तेलाच्या ग्रंथी. कडेच्या किंचित आतून, कडेला धरून गेलेली एक शीर. निलगिरी. दुसरं तसंच. तिसरंही. बोटं भाजत होती.

“काय पाहून राहिली वं पोरी?” गयाबाईंनी विचारलं. नीतूने पुढचं पान उचललं.

अकराव्या पानात ठिपके नव्हते.

तिने ते ओढणीला पुसलं, पुन्हा धरलं. मधली शीर जाड आणि फिकी. बाजूच्या शिरा कंगव्याच्या दातांसारख्या दाट, एकमेकींना समांतर. बारावं तसंच. तेरावंही.

“आजी, तू प्यायलीस? एक घोट तरी?”

“कुठं बाप्पा. ओठाले लावाच्या आधीच तं तू हिसकला.”

नीतूने ग्लास मोरीत रिकामा केला. ही कण्हेर आहे, उकळली तरी विष जात नाही, थेट हृदयावर जाते, असं तिने बाबांना सांगितलं. आपण वेळेवर पाहिलं, असंही म्हणाली.

मारोतरावांनी चौकटीला हात टेकला होता.

“बाबा?”

“आईले द्याच्या आधी,” ते हळू म्हणाले, “लय कडू तं नाही, म्हणून पिऊन पाहिला.”

“किती?”

“ग्लासभर. तासभर झाला असन.”

एका हातात फोन धरून रुग्णवाहिकेला पत्ता सांगत नीतूने त्यांना स्टुलावर बसवलं आणि त्यांचं मनगट धरलं. ठोका लागला. मग दुसरा. तिसऱ्याला उशीर झाला.